रशियन विभागाची पाच कपाटं: कुलगुरू आणि विद्यापरिषदेला खुलं पत्र

माननीय कुलगुरू महोदय आणि विद्यापरिषदेचे सन्माननीय सदस्य,

सप्रेम नमस्कार.

दीड महिन्यापूर्वी आपलं परिपत्रक विभागात आलं. रशियन भाषा आणि साहित्याचा एम.ए. अभ्यासक्रम पुढच्या वर्षापासून बंद होईल, विभागात निवृत्तीमुळे रिक्त झालेलं एकमेव पूर्णवेळ पद दुसऱ्या विभागाकडे वर्ग होईल, आणि विभागीय ग्रंथालयातली ‘वापरात नसलेली पुस्तकं व इतर साहित्य’ निर्लेखित करून, म्हणजे नोंदीतून काढून टाकून, खोली मोकळी केली जाईल, असं त्यात म्हटलं आहे. या सगळ्याच्या जागी सहा महिन्यांचा ‘व्यावहारिक रशियन’ अभ्यासक्रम येणार आहे. कारणं दोन दिली आहेत: अपुरी पटसंख्या आणि ‘स्थानिक उपयुक्ततेचा अभाव’.

मी या विभागात तेरा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवते. त्याआधी सात वर्षं इथेच विद्यार्थिनी होते. निवेदन रीतसर आवक-जावक विभागात दिलं, पोच घेतली, भेटीची वेळ दोनदा मागितली. उत्तर आलं नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर ठेवते आहे. निर्णय आपण घेतला असला तरी विद्यापीठ लोकांचं आहे, आणि जे जाणार आहे ते काय आहे हे लोकांना कळायला हवं.

आधी माझा या गोष्टीशी संबंध काय, ते सांगते.

माझ्या लहानपणी तालुक्याच्या गावी एकदा सोव्हिएत पुस्तकांचं प्रदर्शन लागलं होतं. वडील एस.टी.त वाहक होते. पगाराच्या दिवशी त्यांनी तिथून तीन मराठी पुस्तकं आणली. गुळगुळीत कागद, घट्ट शिवण, पानभर रंगीत चित्रं, आणि किंमत आमच्यासारख्यांना झेपेल एवढी. मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा प्रकाशनांनी छापलेली अशी मराठी पुस्तकं माझ्या पिढीतल्या किती घरांत होती, हे वाचणाऱ्यांना आठवेल. 1991 मध्ये सोव्हिएत संघ संपला आणि ती पुस्तकं यायची थांबली. ‘मूळ रशियनवरून अनुवाद’ ही पहिल्या पानावरची ओळ मात्र माझ्या डोक्यात राहिली. मूळ म्हणजे काय, ते बघायचं होतं. बारावीनंतर शहरात आले आणि वाणिज्य शाखेच्या पदवीसोबत संध्याकाळच्या रशियन प्रमाणपत्र वर्गाला नाव घातलं.

तिथे बाई भेटल्या. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. त्यांचं आयुष्य मात्र सांगते, कारण रशियन साहित्याचा अभ्यासक कसा घडतो, त्याला किती वर्षं लागतात, हे परिपत्रक काढणाऱ्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं.

बाई सत्तरच्या दशकात रशियन शिकल्या. प्रमाणपत्र, पदविका, उच्च पदविका, मग एम.ए. शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा घरच्यांचा विरोध पत्करून मॉस्कोच्या पुश्किन इन्स्टिट्यूटला गेल्या. परत आल्यावर सहा वर्षं तासिकांवर काढली, मग इथे पद मिळालं. चेखव हा त्यांचा विषय. पस्तीस वर्षं त्यांनी चेखव शिकवला, आणि त्याच पस्तीस वर्षांत एक काम शांतपणे केलं: चेखवच्या कथांतल्या अडणाऱ्या शब्दांची आणि वाक्प्रचारांची मराठी कार्डं. बुटांच्या खोक्यांत रांगेनं लावलेली, रशियन वर्णक्रमानं. अशी चौदा खोकी विभागातल्या पाचव्या कपाटात आहेत. परिपत्रकातले ‘इतर साहित्य’ हे दोन शब्द त्या खोक्यांना उद्देशून आहेत.

त्यातलं एक कार्ड आपल्याला दाखवते.

चेखवची 1886 सालची एक कथा आहे, तिचं नाव ‘तस्का’. इंग्रजीत ती ‘मिझरी’ झाली, आणि इंग्रजीवरून मराठीत आणणाऱ्याला ‘दुःख’ हा शब्द सहज सुचतो. इओना पोतापोव हा पीटर्सबर्गचा म्हातारा गाडीवान. त्याचा तरुण मुलगा याच आठवड्यात गेला आहे. बर्फ पडतंय. प्रत्येक गिऱ्हाइकाला तो मागे वळून सांगू बघतो, आणि कुणालाही ऐकायला वेळ नाही. बाईंच्या कार्डावर ‘तस्का’साठी शब्द लिहिले आहेत आणि प्रत्येकासमोर तो का नको, हेही. ‘शोक’: चार माणसांत करतात, इओनाला ती चार माणसंच मिळत नाहीत. ‘हुरहूर’: हिच्यात गोडवा आहे, कुणीतरी येईल अशी आशा आहे. ‘काहूर’: एकदम उठतं, हे साचत आलेलं आहे. ‘कढ’: येतो आणि बाहेर पडतो, इथे बाहेर पडायला वाटच नाही. ‘कोंडमारा’: जवळ, पण यात कोंडणारा कुणीतरी लागतो. कार्डावर तीन वेगवेगळ्या शाया आहेत. म्हणजे बाई या एका शब्दाकडे किमान तीनदा, वेगवेगळ्या वयात परत आल्या. शेवटचा शब्द पेन्सिलीनं आहे, त्यापुढे प्रश्नचिन्ह आहे.

कथेच्या शेवटी इओना तबेल्यात जातो आणि आपल्या घोडीला सांगतो. तो तिला ‘ब्रात कबीलच्का’ म्हणतो. ‘ब्रात’ म्हणजे भाऊ, ‘कबीलच्का’ म्हणजे लाडानं घोडी. घोडीला तो भाऊ म्हणतो, कारण मनातलं बोलायला माणसाला भाऊच लागतो. पुढे तो म्हणतो की ‘कुज्मा इओनिच’ नाही राहिला. स्वतःच्या मेलेल्या पोराचं नाव म्हातारा वडिलांच्या नावासकट घेतो. रशियनमध्ये असं नाव घेणं हा आदर. पोर जिवंत असताना तो त्याला असं कधी म्हणाला नसेल. आणि त्या ‘इओनिच’मध्ये बापाचं स्वतःचंच नाव आहे: इओनाचा मुलगा. इंग्रजी वाचकाला हे तळटीप देऊन समजवावं लागतं. आपल्याकडे तर मुलाच्या नावापुढे बापाचं नाव लावायची रीतच आहे. मराठी वाचकाला ते वाक्य थेट काळजात जाईल, फक्त ते त्याच्यापर्यंत कुणी तरी नीट आणायला हवं. ‘गेला’ असं म्हणायलाही इओना जो वाक्प्रचार वापरतो, त्याचा शब्दशः अर्थ होतो ‘दीर्घकाळ जगा असं सांगून गेला’. म्हणजे मरणारा मागे राहणाऱ्यांना आयुष्य देऊन जातो. कोशात बघितलं तर ‘वारला’ एवढंच सापडतं.

बाईंनी ही कथा वर्गात घेतली तेव्हा माझे वडील जाऊन महिना झाला होता. मी रडले नाही. वही काढून लिहून घेतलं. त्या दिवसापासून मी हेच करायचं ठरवलं.

आता तक्रारी. त्या सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत, हे मला माहीत आहे.

पहिली पटसंख्येची. यंदा एम.ए.च्या पहिल्या वर्षाला सात विद्यार्थी आहेत. सात हा आकडा आपल्याला लहान वाटतो. पण प्रमाणपत्राच्या वर्गाला चाळीस येतात, त्यातले पदविकेला निम्मे उरतात, आणि पाच-सहा वर्षांनी मूळ रशियनमधून कादंबरी वाचू शकणारे दोन-तीन. सहा विभक्ती, गतीची क्रियापदं, पूर्ण-अपूर्ण क्रियापदांच्या जोड्या हे सगळं पार करून सात जण साहित्यापर्यंत पोचतात, ही माझ्या दृष्टीनं अभिमानाची गोष्ट आहे. लहान विद्यापीठात, लहान वर्गात काय होऊ शकतं, याचं एक उदाहरण याच विषयात आहे.

साहित्याचे अभ्यासक युरी लोटमन 1922 मध्ये पेत्रोग्रादला, म्हणजे पुढच्या लेनिनग्रादला आणि आजच्या सेंट पीटर्सबर्गला, जन्मले. महायुद्धात तोफखान्यात होते. परत येऊन 1950 मध्ये लेनिनग्राद विद्यापीठाची पदवी अव्वल गुणांनी घेतली. तेव्हा ज्यू लोकांविरुद्धची मोहीम चालू होती, लेनिनग्रादमध्ये त्यांना कुणी दारात उभं केलं नाही. एस्टोनियातल्या तार्तू या छोट्या गावात शिक्षकांच्या संस्थेत जागा आहे असं कळलं, ते तिथे गेले. पुढे तार्तू विद्यापीठात आले, 1960 मध्ये रशियन साहित्य विभागाचे प्रमुख झाले. पत्नी झारा मिन्त्स त्याच विभागात कवी ब्लोकवर काम करत होत्या. 1964 पासून लोटमननी उन्हाळी अभ्यासवर्ग भरवले, मॉस्कोहून लोक त्या आडभागात येऊ लागले, आणि चिन्हमीमांसेतल्या, म्हणजे चिन्हांतून अर्थ कसा घडतो या अभ्यासातल्या, ‘तार्तू-मॉस्को संप्रदाया’चं नाव जगभर गेलं. 1970 मध्ये त्यांच्या घराची झडती झाली, 1977 मध्ये त्यांना विभागप्रमुखपदावरून दूर केलं गेलं. तरी ते तार्तू सोडून गेले नाहीत. पुश्किनच्या ‘येवगेनी अनेगिन’ या पद्य-कादंबरीवरचं त्यांचं भाष्य 1980 मध्ये आलं. त्या कवितेतल्या काळी लोक किती वाजता जेवत, द्वंद्वयुद्धात किती पावलं अंतर ठेवत, जहागिरी गहाण कशा पडत, सगळं त्यात आहे. 1993 मध्ये ते तार्तूतच गेले. आज जगात कुठेही साहित्यशास्त्र शिकवणारा माणूस तार्तूचं नाव ओळखतो, आणि त्या ओळखीच्या मुळाशी एका आडबाजूच्या संस्थेनं एका माणसाला दिलेली एक नोकरी आहे. आपलं विद्यापीठही राजधानीचं नाही. म्हणूनच हे उदाहरण आपल्यासमोर ठेवते.

दुसरी तक्रार पदाची. ती मला सगळ्यांत जास्त लागते, आणि त्यात माझा स्वार्थ आहे हे आधीच कबूल करते. मी नेट उत्तीर्ण आहे, पीएच.डी. आहे. तेरा वर्षं मला दर सत्राला नवा आदेश मिळतो, तासाचे पैसे मिळतात, उन्हाळ्याचे मिळत नाहीत. कुणी आजारी पडलं तर घरात सगळ्यांची झोप उडते. पण प्रश्न माझ्या एकटीचा असता तर मी हे पत्र लिहिलं नसतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार संशोधन मार्गदर्शक कायमस्वरूपी अध्यापकच असावा लागतो, आणि निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिलेल्या अध्यापकाला नवा संशोधक विद्यार्थी घेता येत नाही. याचा अर्थ असा की आमच्या विभागात बाईंच्या शेवटच्या तीन वर्षांत एकही नवी नोंदणी झाली नाही, आणि आता पद गेलं तर पुढे कधीच होणार नाही. मी शिकवू शकते, पण माझ्या हाताखाली कुणी संशोधन करू शकत नाही. बाईंकडून मी घेतलं, माझ्याकडून पुढे कुणाला द्यायची सोयच उरत नाही. दहा वर्षांनी आपल्यापैकी कुणाला हा विभाग पुन्हा सुरू करावासा वाटला, जाहिरात दिली, तर अर्ज करायला माणूस कुठून येणार?

निवड समितीच्या एका बैठकीत मला विचारलं होतं, पाच वर्षांत शोधनिबंध किती? मी आकडा सांगितला, तो कमी होता. अमेरिकेतले जोसेफ फ्रँक रशियन शिकले ते मोठेपणी, दस्तयेवस्की वाचायचा म्हणून. त्यांच्या दस्तयेवस्की-चरित्राचा पहिला खंड 1976 मध्ये आला तेव्हा ते सत्तावन्न वर्षांचे होते, पाचवा 2002 मध्ये. दिमित्री लिखाचोव यांना 1928 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी अटक झाली, सलवेत्स्की बेटांवरच्या छावणीत काही वर्षं गेली. सुटल्यावर मुद्रितं तपासायचं काम केलं. 1938 मध्ये ते लेनिनग्रादच्या रशियन साहित्य संस्थेत, पुश्किन भवनात आले आणि 1999 मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिले. महायुद्धात लेनिनग्रादला पडलेल्या वेढ्यातल्या उपासमारीतही ते काम थांबलं नाही. एकसष्ट वर्षं एक माणूस एका संस्थेत बसून जुनं रशियन साहित्य वाचत होता. या विषयातलं काम या गतीनं होतं. मी स्वतःला त्यांच्या रांगेत बसवत नाही, एवढंच सांगते की या कामाला बसायला जागा लागते, आणि ती जागा दर सहा महिन्यांनी काढून घेऊन चालत नाही.

तिसरी तक्रार ‘व्यावहारिक रशियन’ची. त्या अभ्यासक्रमाला माझा विरोध नाही. पर्यटनासाठी, वैद्यकीय शिक्षणाला रशियात जाणाऱ्या मुलांसाठी, भाषांतराच्या कामासाठी तो हवाच, आणि मी तो आनंदानं शिकवीन. पण तो साहित्याच्या जागी बसवता येत नाही. व्यवहारात ‘ती’ म्हणजे तू आणि ‘वी’ म्हणजे तुम्ही, एवढं शिकवून पुढे जाता येतं. पुश्किनची तात्याना अनेगिनला पत्र लिहिते तेव्हा सुरुवात ‘वी’नं करते, अनोळखी पुरुषाला लिहिणाऱ्या घरंदाज मुलीसारखी. लिहिता लिहिता मधेच ती ‘ती’वर येते. त्या क्षणी तिचा तोल सुटतो, आणि शेवटी ती पुन्हा सावरून ‘वी’कडे जाते. इंग्रजीत सगळीकडे एकच ‘यू’. मराठीत ‘तुम्ही’वरून ‘तू’वर घसरणं म्हणजे काय, हे सोळा वर्षांच्या मुलीलासुद्धा कळतं. ‘गुन्हा’साठी रशियन शब्द ‘प्रेस्तुप्लेनिये’. त्याच्या पोटात ‘ओलांडणं’ आहे, आपल्या ‘उल्लंघन’ शब्दात आहे तसंच. दस्तयेवस्कीच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’तला रस्कोल्निकोव कादंबरीभर स्वतःला हेच विचारत असतो की मला ओलांडता येईल का. ‘वाचत होतो’ आणि ‘वाचून काढलं’ यांतला फरक जिभेवर असलेल्या माणसाला रशियन क्रियापदांच्या जोड्या इंग्रजी माणसापेक्षा लवकर समजतात. नपुंसकलिंग आपल्याकडे शिल्लक आहे, त्यांच्याकडेही आहे. आपण रशियन साहित्य इंग्रजीच्या खिडकीतून वाचत राहतो आणि आपल्या भाषेत त्यासाठी जी सोय आयती पडली आहे ती वापरत नाही, याचं मला खरोखर दुःख होतं.

चौथी, ‘स्थानिक उपयुक्तते’ची. हे वाचून मी बराच वेळ कागद हातात धरून बसले होते. रशियातल्या त्वेर शहराचा व्यापारी अफानासी निकीतिन पंधराव्या शतकात, वास्को द गामाच्या कितीतरी आधी, चौलला उतरला. तिथून तो जमिनीच्या वाटेनं जुन्नरला गेला. त्याच्या रोजनिशीत जुन्नरचं नाव ‘च्युनेर’ असं येतं. जुन्नरचा कारभार बघणाऱ्या असद खानानं त्याचा घोडा जप्त केला आणि धर्म बदललास तर घोडाही देतो, वर हजार मोहराही देतो म्हणून सांगितलं, तो प्रसंग जुन्नरचाच आहे. त्यानं लिहिलंय की इथे ‘झिमा’ सुरू झाला आणि चार महिने रात्रंदिवस सगळीकडे पाणी आणि चिखल. ‘झिमा’ म्हणजे हिवाळा. तो बिचारा आपल्या पावसाळ्याला हिवाळा म्हणतो, कारण घरात बसून काढायचा ऋतू त्याच्या माहितीत तोच होता. याच झिम्यात लोक नांगरतात, पेरतात, हेही तो लिहितो. रशियन न येणारा भाषांतरकार इथे ‘हिवाळा’ लिहून मोकळा होईल आणि वाचक बुचकळ्यात पडेल. जुन्नरच्या पंधराव्या शतकातल्या पावसाचा हा डोळ्यांनी बघितलेला वृत्तांत जुन्या रशियन भाषेत आहे, मधूनमधून तुर्की-फारसी शब्दांत. पुश्किन भवनातल्या अभ्यासकांनी तो पिढ्यान् पिढ्या संपादित केला, अर्थ लावले. रेवदंड्याला निकीतिनचं स्मारक उभं आहे. त्याची रोजनिशी वाचणारा माणूस महाराष्ट्रात घडवायची जागा मात्र आपण बंद करतो आहोत.

अण्णा भाऊ साठे 1961 मध्ये रशियाला जाऊन आले आणि त्यावर पुस्तक लिहिलं. त्याच्या कितीतरी आधी, मुंबईत बसून, त्यांनी स्तालिनग्राडचा पोवाडा रचला होता. 2022 च्या सप्टेंबरमध्ये मॉस्कोच्या विदेशी साहित्य ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसला, आपण सगळ्यांनी त्याच्या बातम्या वाचल्या. पुतळा बसवणं चांगलंच आहे. पण त्यांच्या कथा रशियन वाचकाला काय वाटल्या, कुठे काय गळलं, हे रशियन अनुवाद आणि मूळ मराठी मजकूर शेजारी ठेवून तपासायचं असेल तर दोन्ही भाषांचा अभ्यासक लागतो. तिकडे लेनिनग्रादमध्ये तात्याना कातेनिना यांनी मराठी शिकवली, 1963 मध्ये मराठी व्याकरणाचं पुस्तक काढलं. मॉस्कोच्या इरिना ग्लुश्कोवा यांनी आयुष्यभर पंढरी, विठ्ठल आणि वारी यांचा अभ्यास केला. तिथे कुणीतरी आपल्यासाठी एवढी वर्षं दिली. आपल्याकडून तेवढं होऊ नये?

पाचवी गोष्ट तक्रार म्हणावी की नाही, ठरवता येत नाही. परिषदेतल्या एका सदस्यांनी, युद्ध चालू असताना त्या देशाचं साहित्य शिकवायचं कशाला, असा प्रश्न केल्याचं कानावर आलं. प्रश्न प्रामाणिक असेल तर उत्तरही प्रामाणिकपणे देते. युक्रेनमधल्या शहरांवर जे चाललं आहे ते मी वर्गात लपवत नाही, त्याबद्दल विद्यार्थ्यांशी बोलते. पण आम्ही ज्यांचं लेखन शिकवतो त्यांतले कितीतरी लेखक सत्तेनं चिरडलेले आहेत. ओदेसात वाढलेल्या इसाक बाबेलला 1940 मध्ये गोळी घातली गेली. ओसिप मांदेलश्ताम 1938 च्या डिसेंबरात व्लादिवोस्तोकजवळच्या छावणीत मेला. त्याच्या कविता त्याच्या पत्नीनं, नाद्येझ्दानं, तोंडपाठ करून जपल्या, कागदावर ठेवण्याची सोय नव्हती. या माणसांना आपण कपाटातून काढलं तर त्यानं कुठल्या सरकारला धडा मिळणार?

शेवटी पुस्तकांविषयी. ‘वापरात नसलेली’ म्हणजे ज्यांवर गेल्या पाच वर्षांत शिक्का पडला नाही ती. आमच्या विभागात शिक्का मारायला ग्रंथपालच नाही, विद्यार्थी वहीत सही करून पुस्तक नेतात. ती वही कुणी बघितली नाही. पाच कपाटांतली बरीच पुस्तकं आता रशियातही दुकानात मिळत नाहीत, ग्रंथसंग्रहालयांतूनच मिळतात. सोव्हिएत काळातले मराठी अनुवादही त्यांत आहेत, ज्यांचा एकत्र संच या जिल्ह्यात इतर कुठे असल्याचं माझ्या पाहण्यात नाही. रद्दीच्या भावात त्यांचे काही हजार रुपये येतील.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

निर्लेखनाची कारवाई आजच थांबवावी. पाचही कपाटांची यादी विभागाच्या उपस्थितीत करावी, आणि बाईंची चौदा खोकी हस्तलिखित म्हणून विद्यापीठाच्या मुख्य ग्रंथालयात नोंदवून त्यांचं स्कॅनिंग करावं. स्कॅनिंगचं काम आम्ही माजी विद्यार्थी मोबदला न घेता करायला तयार आहोत, यंत्र आणि खोली द्यावी.

रिक्त पद रशियन विभागातच ठेवावं आणि आरक्षणाच्या बिंदुनामावलीनुसार रीतसर जाहिरात द्यावी. माझीच निवड व्हावी असा आग्रह नाही. माझ्याहून चांगला उमेदवार आला तर मी त्याच्या हाताखाली तासिका घेईन. पण माणूस कायमस्वरूपी हवा.

एम.ए. बंद करू नये. पटसंख्येची अडचण असेल तर प्रवेश एक वर्षाआड द्यावा, काही पेपर मराठी आणि तुलनात्मक साहित्याच्या विद्यार्थ्यांसोबत एकत्र घ्यावेत. याचा आराखडा मी निवेदनासोबत जोडला होता, पान 4 वर आहे. व्यावहारिक रशियनचा वर्ग त्याच्या जोडीनं चालवावा, त्यातूनच एम.ए.ला मुलं येतील.

आणि विद्यापरिषदेच्या पुढच्या बैठकीत विभागाला दहा मिनिटं द्यावीत. निर्णय ज्यांच्याबद्दल झाला त्यांच्यापैकी कुणालाही बोलावलं गेलं नव्हतं.

बाईंना मी परिपत्रकाबद्दल अजून सांगितलेलं नाही. त्यांचं आता वय झालं आहे, दृष्टी अधू झाली आहे. दर पंधरा दिवसांनी मी त्यांच्याकडे जाते, काही कार्डं सोबत नेते, मोठ्यानं वाचते, आणि त्या दुरुस्त्या सांगतात. गेल्या वेळी ‘तस्का’चं कार्ड नेलं होतं. पेन्सिलीनं लिहिलेला शब्द मी वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, ‘‘तो खोड. अजून एक सुचलाय, पण आधी वाक्यात बसवून बघते, मग सांगते.’’ पुढच्या रविवारी मला त्यांच्याकडे जायचं आहे. तोपर्यंत पाचव्या कपाटाची किल्ली विभागाकडेच राहील, एवढं आश्वासन आपल्या कार्यालयाकडून लेखी मिळावं.

आपली विश्वासू,
रशियन विभागातील तासिका तत्त्वावरील एक अध्यापिका आणि याच विभागाची माजी विद्यार्थिनी